आधी झाडं ठरवा, मग दिवा

‘आम्ही चिपळूणला राहतो. दिवाळीत मुलासाठी दोन फुटी फिशटँक घेतला. २४ इंच लांब, १२ रुंद, १५ उंच. तळाला काळी माती, पुढे मॉन्टे कार्लो, मागे रोटाला, लाकडावर अ‍ॅनुबियास आणि जावा मॉस अशी झाडं. मासे म्हणजे दहा गप्पी. दुकानदारांनी ‘प्लांट लाइट’ म्हणून जांभळट-गुलाबी रंगाचा २४ वॉटचा दिवा दिला. तो फारच मंद वाटतो, म्हणून मी तो सकाळी आठपासून रात्री साडेनऊपर्यंत चालू ठेवते. टाकी दक्षिणेच्या खिडकीखाली आहे. महिन्याभरात मॉन्टे कार्लो पिवळी पडून विरघळली. अ‍ॅनुबियासच्या पानांवर हिरवे टणक ठिपके आले आणि मॉसमध्ये केसांसारखं लांब शेवाळ वाढलं. डिसेंबरपासून तर फारच. दुकानदार म्हणतात, उजेड कमी पडतोय, असाच आणखी एक दिवा लावा. त्याचे चार हजार रुपये पडतात. घेऊ का? सासूबाईंना रात्री जेवण झालं की टाकीसमोर बसायला आवडायचं. आता त्या म्हणतात, हे डबकं झालंय, काढून टाक.’

ताई, तो दुसरा दिवा घेऊ नका. चार हजार रुपये घरात राहू द्या.

तुमच्या टाकीत उजेड कमी पडत नाहीये, गरजेपेक्षा कितीतरी जास्त होतोय. तुम्हाला तो कमी वाटला यात तुमची काही चूक नाही, कारण आपले डोळे आणि झाडाचं पान उजेड एकसारखा मोजत नाहीत. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतो. निळा आणि गडद लाल उजेड त्याला फिका वाटतो. दिव्याच्या खोक्यावर उजेडाचे जे लुमेन छापलेले असतात, तेही माणसाच्या डोळ्याच्या याच मापाने काढलेले असतात. पान मात्र निळ्यापासून लालपर्यंतचा सगळा उजेड वापरतं, आणि निळा-लाल तर चवीने खातं. तुमच्या जांभळ्या दिव्यात नेमके तेच दोन रंग ठासून भरलेत. म्हणजे सोफ्यावर बसलेल्या तुम्हाला जो दिवा मिणमिणता दिसतोय, तो पाण्याखालच्या पानासाठी चांगला प्रखर आहे. खोक्यावरचे २४ वॉट अर्धेच खरे धरले, तरी एवढ्या टाकीला ते पुष्कळ झाले. आणि असा दिवा तुम्ही रोज साडेतेरा तास जाळताय.

त्यावर पुन्हा खिडकी. उन्हाळ्यात आपल्याकडे सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत शिरत नाही. दिवाळीनंतर तो दक्षिणेकडे कलतो, खाली उतरतो आणि मार्गशीर्ष-पौषात ऊन थेट घरात येऊन लादीवर पसरतं. डिसेंबरपासून शेवाळ वाढल्याचं तुम्ही लिहिलंय, त्यातला मोठा वाटा या उन्हाचा असणार. दुपारच्या लख्ख उन्हात एक लाख लक्सच्या (लक्स म्हणजे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) आसपास उजेड असतो. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत जेमतेम दोनशे-तीनशे. तेव्हा काचेवर तासभर पडणारी उन्हाची तिरीप म्हणजे टाकीला लागलेला आणखी एक दिवा, आणि तो कुठल्याही विकतच्या दिव्यापेक्षा दांडगा.

पण मग जास्त उजेडात शेवाळ वाढलं आणि झाडं का मेली, हा प्रश्न उरतो. सगळं कोडं इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

उजेड म्हणजे चुलीची आच. आच मोठी केली म्हणून भात जास्त होत नाही. तांदूळ आणि पाणीही त्या मापाने लागतं, नाहीतर करपतो. झाडाला उजेड जितका जास्त, तितकी त्याची कार्बन डायऑक्साइडची, नत्राची, पालाशची, लोहाची मागणी जास्त. आणि पाण्यातल्या झाडाची मोठी अडचण असते ती कार्बन डायऑक्साइडची. बाहेर उघड्यावर वाढणाऱ्या झाडाच्या पानाला वारा सतत नवी हवा आणून देतो. पाण्यात हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. शिवाय साध्या पाण्यात तो असतोच थोडका, हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात लिटरला अर्धा-पाऊण मिलिग्रॅम. मासे श्वास सोडतात, माती कुजते, त्यातून थोडी भर पडते. ज्यांच्या टाकीला सीओटूचा सिलिंडर लावलेला असतो, ते हाच आकडा २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. इतका फरक.

तुमच्या मॉन्टे कार्लोला भरपूर उजेड मिळाला, पण वायू मिळाला नाही. त्यात आणखी एक भानगड असते. दुकानात मिळणारी बरीचशी रोपं नर्सरीत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्यात बुडवली की त्यांना हवेतली जुनी पानं टाकून पाण्यातली नवी पानं काढावी लागतात, आणि त्याला ताकद लागते. तुमच्या रोपाला ती सवड मिळालीच नाही, ते वितळलं. वितळलेल्या पानांमधून अमोनिया सुटला, आणि उजेड तर मुबलक होताच. शेवाळाला एवढंच पुरतं. त्याची भूक लहान असते, थोडक्यात भागते, आणि झाडाने न वापरलेला सगळा उजेड ते खातं. शेत नांगरून, पाणी देऊन पीक न लावता सोडलं तर काय उगवतं ते तुम्हाला सांगायला नको.

अ‍ॅनुबियासवरचे ठिपके याच गोष्टीचा दुसरा पुरावा आहेत. अ‍ॅनुबियास हे आफ्रिकेतलं, जंगलातल्या ओढ्यांच्या काठचं, सावलीतलं झाड. महिन्याला एखाद-दुसरं पान काढतं. एकच पान महिनोन्‌महिने त्या प्रखर उजेडाखाली निवांत पडून राहतं, तेव्हा त्यावर टणक हिरवे ठिपके येणारच. कोकणातल्या माणसाला हे पटकन कळेल. आपल्या आगरात माड ऊन खातो आणि त्याच्या सावलीत जायफळ पोसतं. रोप जायफळाचं असताना त्याला भर माळावर लावलं तर दोष उन्हाला देत नाहीत.

मी हे पुस्तकी बोलत नाहीये. माझ्या पहिल्या तीन फुटी टाकीवर मी दोन दिवे शेजारी शेजारी लावले होते. पहिला आठवडा स्वर्ग होता. रोटालाच्या शेंड्यांना प्राणवायूचे बारीक मोती लागायचे, ते एकेक करून वर सुटायचे, मी ऑफिसमधून आले की आधी तेच बघत उभी राहायची. अकराव्या-बाराव्या दिवशी त्याच शेंड्यांवर पोपटी लव दिसली. महिन्याने तिथे रोटाला होती हे सांगावं लागलं असतं. मला फार वाईट वाटलं होतं, म्हणून तुमचं पत्र वाचून लगेच लिहायला बसले. ती टाकी मी मोडली नाही. एक दिवा काढला, तास निम्मे केले, हाताने साफ करत राहिले. तीन महिन्यांनी तीच टाकी पाहुण्यांना दाखवण्यासारखी झाली होती.

आता मूळ प्रश्नाकडे येते, दुसरा नको तर मग कोणता दिवा घ्यावा. लोक आधी दिवा घेतात, मग झाडं, आणि शेवटी त्या दिव्याला पुरेल इतकं खत-वायू शोधत बसतात. हे उलटं करा. तुम्ही नोकरी करता, घर सांभाळता, मुलगा लहान आहे. रोज खत मोजून घालणं, सिलिंडर भरून आणणं, दर आठवड्याला कात्रीने छाटणी करणं तुम्हाला जमणार आहे का? इंटरनेटवर जपानी धाटणीच्या हिरव्यागार टाक्या दिसतात, त्या सगळ्यांना भुरळ घालतात. ती धाटणी ताकाशी अमानो या जपानी टाकी-रचनाकारांची. त्यांनी लिस्बनच्या मत्स्यालयात ४० मीटर लांबीची लागवडीची टाकी उभी केली. त्या टाक्यांवर दिवे जोरदार असतात, हे खरं. पण फोटोत न दिसणारा सिलिंडर, खत आणि कात्री त्या दिव्यांइतकीच कामाला लागलेली असते.

माझं स्पष्ट मत असं, की तुम्ही सावलीच्या झाडांची टाकी करावी. अ‍ॅनुबियास आणि मॉस आहेतच. जावा फर्न आणा, ते लाकडाला दोऱ्याने बांधा, मुळाचा आडवा कंद मातीत पुरू नका, कुजतो. मॉन्टे कार्लोच्या जागी क्रिप्टोकोरीन वेंड्टीची चार-पाच रोपं लावा. लावल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याची पानंही वितळतील. तेव्हा घाबरून दिवा वाढवू नका, मुळं शाबूत असतात, नवी पानं येतात. मागच्या बाजूला व्हॅलिसनेरियाची रांग लावा आणि पहिले दोन महिने हॉर्नवर्टची एक जुडी पाण्यावर तरंगत सोडा. हॉर्नवर्ट झपाट्याने वाढतं, शेवाळाच्या तोंडचा घास पळवतं आणि खालच्यांना सावलीही धरतं. रोटाला राहू द्या. ती हिरवीच राहील, फोटोतल्यासारखी लालबुंद होणार नाही, पण जगेल.

(क्रिप्टोकोरीन आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांमध्येही आहे, आणि कासच्या पठारावर पावसाळ्यात वायतुरा फुलतो तोही पाणवनस्पतीच. हौशी लोक ती उपटून आणतात. कृपा करून कुणाला आणू देऊ नका. वायतुरा मोकळ्या आभाळाखाली वाढतो, पावसाळा सरला की कंदाच्या रूपात झोपी जातो; तो टाकीत टिकत नाही, आणि जगात तो फक्त आपल्याच डोंगरांवर आहे.)

या झाडांना लागणारा दिवा साधा आहे. तुमच्या टाकीचं माप गुणलं तर ७० लिटर येतात. माती, लाकूड आणि वरची रिकामी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ५५ ते ६० लिटर. एलईडीचा ढोबळ हिशेब असा, की लिटरमागे १० ते २० लुमेन सावलीच्या झाडांना पुरतात, २० ते ४० मध्यम झाडांना, आणि त्याच्या वर जायचं तर सीओटू हवाच. म्हणजे तुम्हाला साधारण हजार लुमेन हवेत. चांगली एलईडी पट्टी वॉटमागे शंभर लुमेन देते, तेव्हा १० वॉटची दोन फुटी पांढरी पट्टी झाली. इलेक्ट्रिकच्या दुकानात ती काही शेकड्यांत मिळते. त्यावर ‘कूल डेलाइट, ६५०० केल्विन’ असं लिहिलेलं बघा; केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप. हा उजेड दुपारच्या आभाळासारखा पांढरा दिसतो, झाडं खरी हिरवी दिसतात, गप्पींच्या शेपट्यांचे रंग खुलतात. पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप आणि तिच्यावर पिवळट लेप असतो, त्यामुळे पानाला हवा तो निळा त्यात असतो, आणि लालही पुरेसा. खास ‘प्लांट’ शब्दाचे पैसे मोजायची गरज नाही. समुद्री टाकीचे निळेशार दिवे, दहा-वीस हजार केल्विनवाले, प्रवाळासाठी असतात. ते तर मुळीच नकोत.

हौसेने थोडे जास्त पैसे घालायचेच असतील तर उजेड कमी-जास्त करायची सोय असलेला अ‍ॅक्वेरियमचा दिवा घ्या. त्यात लाल, हिरवा, निळा आणि पांढरा असे वेगवेगळे एलईडी असतात, रंग फार सुंदर उठतात, आणि मुख्य म्हणजे तो तीस-चाळीस टक्क्यांवर ठेवता येतो. चार हजारांचा दुसरा जांभळा दिवा घेण्यापेक्षा हे शंभर वेळा बरं. पण आधी साध्या पट्टीवर तीन महिने काढून बघा, असं मी सांगेन.

दुकानदार तुम्हाला ‘गॅलनला दोन वॉट’ असंही म्हणाले असतील, बरेच जण अजून म्हणतात. तो जाड ट्यूबच्या काळातला हिशेब. जुनी चार फुटी ४० वॉटची ट्यूब जेवढा उजेड द्यायची, जवळपास तेवढा आता २० वॉटची एलईडी देते. वॉट म्हणजे वीज किती खाल्ली. उजेड किती पडला ते त्यातून कळत नाही.

या रविवारी एवढं करा. जांभळा दिवा उतरवा. मॉसमध्ये जुना टूथब्रश घाला आणि टकळीवर सूत गुंडाळावं तसा एकाच दिशेने फिरवत राहा. केसाळ शेवाळ त्याला पीळ देत गुंडाळून येतं, चिमटीने ओढून काढा, पुन्हा फिरवा. हे काम दहा मिनिटांचं नाही, तासाभराचं आहे, मुलाला बरोबर घ्या. अ‍ॅनुबियासची सगळ्यात जास्त ठिपके आलेली दोन-तीन पानं देठापासून कापून टाका, ती पुन्हा स्वच्छ होत नाहीत. वितळलेल्या मॉन्टे कार्लोचा चोथा नळीने ओढून घ्या आणि त्याच ओघात निम्मं पाणी बदला. खिडकीकडच्या काचेला बाहेरून काळा चार्ट पेपर चिकटवा. टाकी हलवायची झाली तर आणखी चांगलं, पण भरलेली हलवू नका, तळाची काच तडकते. झाकणाची काच असेल तर ती लिंबाच्या फोडीने घासून पुसा. तिच्यावर क्षारांचा पांढरा पापुद्रा धरतो, आणि मग दिवा चांगला असून झाडापर्यंत उजेड पोचत नाही.

मग पांढरी पट्टी रोज सहा तास, त्याहून जास्त नाही. महिनाभर. त्यानंतर पानं बघून ठरवा. रोटालाची पेरं उसासारखी लांब-लांब पडायला लागली, खालची पानं गळायला लागली, तर उजेड कमी पडतोय. अर्धा तास वाढवा, दोन आठवडे थांबा, पुन्हा बघा. काचेवर रोज हिरवी साय धरायला लागली, तर अर्धा तास कमी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. शेवाळ पूर्ण जायला दीड-दोन महिने लागतील. तेवढा धीर धरा.

टायमर मात्र घ्याच. रोज आठवणीने लावलेला दिवा कधी सात तास चालतो, कधी अकरा. पण कडेने खुंट्या असलेला, चक्रीचा टायमर घेऊ नका. वीज गेली की त्याची चक्री थांबते, आणि तुमच्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत आहे. दोन तास वीज नसली की दिवा दोन तास उशिरा लागतो, चार दिवसांत सगळं वेळापत्रक मध्यरात्रीत जाऊन पडतं. आत बारीक बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या, तो वीज गेली तरी वेळ चुकवत नाही.

इलेक्ट्रिक दुकानातली पट्टी पाण्यासाठी बनवलेली नसते, म्हणून ती पाण्याच्या उघड्या तोंडावर ठेवू नका. मधे काचेचं झाकण हवं, पट्टी त्याच्यावर चार बोटं उंच. वायर प्लगकडे जाताना आधी प्लगच्या पातळीच्या खाली लोंबती राहील आणि मग वर जाईल अशी सोडा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालच्या वळशातून जमिनीवर ठिबकेल, प्लगमध्ये जाणार नाही. टाकीत हात घालण्याआधी दिवा, फिल्टर, सगळं बंद. मुलालाही हे पहिल्या दिवसापासून शिकवा.

राहता राहिल्या सासूबाई. झाडांना उजेड सकाळी हवा की संध्याकाळी, याने काही बिघडत नाही. रोज त्याच वेळी मिळाला की झालं. तुम्ही सगळे दिवसभर कामात असताना टाकी उजळून ठेवण्यात अर्थ नाही. टायमर दुपारी साडेतीनला लावा, रात्री साडेनऊला दिवा विझेल. रात्रीची जेवणं आटोपून त्या खुर्ची ओढून बसतील, तेव्हा टाकीत उजेड असेल.